खाऱ्या पाण्याचा तास

दहावीला आपल्याकडे बेस्ट ऑफ फाइव्ह असतं. सहा विषय, सहाशे मार्क, अन् ज्यात सगळ्यात कमी पडले तो विषय बाजूला ठेवून उरलेल्या पाचशेवर टक्केवारी काढायची. आमच्या वर्गात बहुतेकांचा बाजूला पडलेला विषय सामाजिक शास्त्र होता, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र अन् भूगोल तिन्ही एका फटक्यात गेले, आणि कोणाला काही वाटलं पण नाही, कारण घरी, शाळेत, एसटी स्टँडवर सगळीकडे एकच ऐकलेलं असतं की गणित-विज्ञान हुशार पोरांचं, इंग्रजी नोकरीचं, मराठी तर येतेच, आणि इतिहास-भूगोल आदल्या रात्री पाठ करायचं. मी आता अकोल्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, केमिस्ट्री माझा सगळ्यात आवडता विषय आहे, तरी विषयांची ही जी उतरंड लावून ठेवलीय ना ती मला मनापासून पटत नाही. का पटत नाही ते सांगायचंय, अन् त्यासाठी आमच्या गावच्या पाण्याबद्दल बोलावं लागेल.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, ऐन खारपाणपट्ट्यात. बुलडाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी हा पट्टा जातो. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, भांडी कितीही घासा डाग राहतातच. पिण्याचं पाणी सातपुड्यातल्या वान धरणावरून पाइपलाइननं येतं, त्याला आम्ही नुसतं 'वानाचं पाणी' म्हणतो, आणि ते आलं की गावात सगळी कामं थांबतात. न आलं तर मग आरओचा कॅन. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात की पाणी गोड, संत्र्याच्या बागा, केळी, सगळं हिरवं. मामाचं गाव तिकडंच आहे. लहानपणी मी तिथं गेले की नुसती हौदातलं पाणी पीत बसायची, मामी हसायची.

विज्ञान माझ्यासाठी खऱ्या अर्थानं सुरू झालं ते या पाण्यामुळंच. आमच्या घरी आजी तुरीच्या दाळीला कधीच विहिरीचं पाणी घालत नाही. मी विचारलं होतं काऊन म्हणून, तर म्हणाली, "खाऱ्या पान्यात दाय नाई शिजत बाई, गोटे रायतात. वानाचं पानी येऊ दे." आठवी-नववीत मृदू पाणी-कठीण पाणी शिकलो, कॅल्शियम अन् मॅग्नेशियमचे क्षार असले की पाणी कठीण, साबणाचा फेस होत नाही, साका तयार होतो. ते मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्क पण मिळाले. पण दाळीचं काय? मॅडमना विचारलं तर त्यांनी तिथंच उत्तर दिलं नाही, दोन-तीन दिवसांनी स्वतः शोधून आल्या अन् फळ्यावर काढून दाखवलं. दाण्यांच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थानं. शिजताना ते पेक्टिन सुटतं म्हणून दाळ मऊ होते. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात, म्हणजे त्याला जणू दोन हात आहेत, एका हातानं पेक्टिनची एक साखळी धरतो अन् दुसऱ्या हातानं दुसरी, मग ते सुटायचं कसं, दाळ आपली गोट्यासारखी कडकच. सोडियमला एकच प्रभार, त्याला दोघांना धरून ठेवता येत नाही. म्हणून आजी कधी नाइलाजानं तेच पाणी वापरलं तर चिमूटभर खायचा सोडा टाकते, त्यात सोडियम आहे, शिवाय सोड्यानं पाणी अल्कधर्मी होतं अन् पेक्टिन लवकर सुटतं.

म्हणजे दाळ न शिजायचं कारण पाण्याचा खारेपणा नव्हताच, कठीणपणा होता. आमच्या पाण्यात दोन्ही आहे म्हणून दोन्ही एकच वाटतं. मी घरी येऊन आजीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली बरं, सोडा टाकला की शिजते हे मले मायीनंच सांगतलं होतं. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं, तिच्या आईला जे हाताला माहीत होतं त्याचं कारण माझ्या वहीत होतं.

खरी गंमत अकरावीनंतर कळली. बाबांनी एका वर्षी पाऊस लवकर गेला म्हणून हरभऱ्याला बोअरचं पाणी दिलं होतं. पीक तर बसलंच, पण त्याच्या पुढच्या वर्षी त्या तुकड्यात पाणी मुरेचना, पाऊस पडला की वरच थांबायचं, वाळलं की वर कडक पापडी, डवरा चालेना. आमच्याकडे त्याला जमीन चोपण झाली म्हणतात. आपली काळी माती म्हणजे फार बारीक चिकणमाती, ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवणारं जे आहे ते पुन्हा कॅल्शियमच! सोडियमवालं पाणी देत राहिलं की मातीवरचा कॅल्शियम निघून जातो, त्याच्या जागी सोडियम बसतो, कण सुटे होतात, बारीक कण सगळ्या छिद्रांत जाऊन बसतात, हवा नाही, पाणी नाही. त्यावर उपाय म्हणून कृषी विद्यापीठाचे लोक जिप्सम टाकायला सांगतात, जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम परत येतो, सोडियम सुटतो, आणि शेतातून पाणी बाहेर काढायला नीट चर असले तर पावसाच्या पाण्याबरोबर तो वाहून जातो. चर नसले तर जिप्समचा पैसा वाया.

मी हे वाचत होते तेव्हा हॉस्टेलवर रात्री एकटीच उठून उभी राहिले. दाळीच्या पातेल्यात जो कॅल्शियम नको तोच शेतात हवा. कारण मात्र एकच, दोन प्रभार. एक गोष्ट होम सायन्सची समजतात, दुसरी मृदाशास्त्राची, दोन वेगळ्या इमारतीत शिकवतात, आणि आमच्या घरात त्या दोन गोष्टींमध्ये फक्त अंगण आहे.

गणिताबद्दल थोडं. गणितात मला मार्क चांगले असायचे पण जीव नव्हता त्यात. दहावीला महत्त्वमापनाच्या धड्यात शंकूछेद येतो, म्हणजे बादलीसारखा आकार, त्याचं घनफळ काढायचं सूत्र लांबलचक आहे, वरच्या त्रिज्येचा वर्ग, खालच्या त्रिज्येचा वर्ग आणि दोन्हींचा गुणाकार, तिघांची बेरीज, मग पाय (π), मग उंची, मग भागिले तीन. त्याच उन्हाळ्यात बाबांनी शेततळं घ्यायचं ठरवलं. खारपाणपट्ट्यात शेततळ्याला फार महत्त्व आहे, कारण जमिनीखालचं पाणी खारं असलं तरी वरून पडणारं गोडच असतं, ते अडवलं तर तेच आपलं. तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. बाबा अन् काका बाजेवर बसून हिशोब करत होते, तीस गुणिले तीस गुणिले तीन, सत्तावीसशे घनमीटर. पण तळ्याच्या भिंती सरळ उभ्या नसतात, सरळ ठेवल्या तर काळी माती पहिल्या पावसातच ढासळेल, त्यांना उतार द्यावा लागतो. एक मीटर खाली गेलं की एक मीटर आत, असा उतार धरला तर तीन मीटर खाली तळ चोवीस बाय चोवीसचाच उरतो. म्हणजे हा चौकोनी शंकूछेदच झाला की! सूत्र तसंच, फक्त पाय नाही. तीसचा वर्ग ९००, चोवीसचा ५७६, दोघांचा गुणाकार ७२०, बेरीज २१९६, खोली तीन अन् खाली भागिले तीन कटून गेले. २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर. मी तो आकडा सांगितला तेव्हा काका म्हणाले, मग बाकीचे पाचशे कुठं गेले? मी म्हटलं, उतारात गेले काका. बाबा काही बोलले नाहीत, पण नंतर जेसीबीवाल्याशी बोलताना त्यांनी माझा आकडा वापरला. नंतर तेच गणित बाबांनी अन् मी मिळून पुढं नेलं, एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्यावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोनशे दोन घनमीटर लागतात, म्हणजे बाष्पीभवन अन् झिरपणं सोडून दिलं तर भरलेल्या तळ्यात दहा एकराला एकदा पुरेल एवढं पाणी. हरभऱ्याला ऐन फुलावर असताना एक पाणी मिळालं तर काय फरक पडतो ते ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको.

त्या दिवसापासून गणित आवडायला लागलं. एवढंच.

भूगोलाकडे मी उशिरा आले, कारण अकरावीला सायन्स घेतलं की भूगोल सुटतोच. पण केमिस्ट्री कितीही शिकली तरी एक प्रश्न ती सोडवू शकत नाही, की पाण्यात मीठ आहे ते समजलं, पण आमच्याच पाण्यात काऊन? मामाच्या गावी, तेवढ्याशा अंतरावर, का नाही? हा केमिस्ट्रीचा प्रश्नच नाही, भूगोलाचा आहे. नकाशा घेऊन बसा. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये पूर्णेचं सपाट खोरं. पूर्णा सातपुड्यात उगम पावते, पश्चिमेला वाहत जाते अन् चांगदेवजवळ तापीला मिळते. खोऱ्यात बेसाल्ट खडकावर नदीनं आणलेल्या गाळाचे थर, काही ठिकाणी शेकडो मीटर जाड. जमीन इतकी सपाट की पाण्याला निघून जायची घाई नाही, माती इतकी चिकण की मुरायलाही वेळ, आणि वरून आमचा उन्हाळा. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात, वर्षानुवर्षं. डोंगराच्या पायथ्याशी मात्र भरड गोटे-वाळू आहे, पाऊस झरझर आत जातो, जमिनीखालचं पाणी हलतं राहतं, धुतलं जातं, म्हणून गोड. आता मामाकडं जाताना एसटीच्या खिडकीतून मी माती कुठं बदलते ते बघत असते. आधी पण तोच रस्ता होता.

जीवशास्त्राचा तास मला थोडा जड जातो. काका दोन वर्षांपासून अकोल्याला डायलिसिसला जातात. आमच्या पट्ट्यात किडनीचे पेशंट गावोगावी आहेत अन् सगळे एकच म्हणतात, पाण्यामुळं. नेफ्रॉन शिकताना, केवढ्याशा नळीतून रक्त गाळून निघतं ते शिकताना मला सारखे काका दिसायचे. त्याच वर्षी हे पण शिकले की दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. बीपी, शुगर, दुखण्याच्या गोळ्या, उन्हात पाणी कमी पिऊन राबणं, हे सगळं वेगळं काढून, खारं पाणी पिणाऱ्या अन् न पिणाऱ्या गावांची नीट तुलना केल्याशिवाय बोट दाखवता येत नाही. काकूला हे सांगायची माझी हिंमत होत नाही, आणि तिला ते आत्ता ऐकायची गरजही नाही. पण कोणीतरी ती तुलना नीट करायला पाहिजे, आमच्या गावात येऊन, आमच्या लोकांशी बोलून, आणि ते करणाऱ्याला विज्ञान जेवढं लागेल तेवढीच आमची भाषा पण लागेल.

भाषेवरून आठवलं, मराठीला उपयोजित लेखन म्हणून भाग असतो, विनंतीपत्र, मागणीपत्र, बातमी. सगळ्यात सोपे मार्क. काकू गावातल्या त्या बायांमध्ये आहे ज्यांना जल जीवन मिशनमधून पाणी तपासायची पेटी अन् ट्रेनिंग मिळालंय. शाळेच्या बोअरचं पाणी लॅबला पाठवलं होतं, रिपोर्ट आला तो अख्खा इंग्रजीत, टोटल हार्डनेस, क्लोराइड, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, समोर आकडे. काकूनं तो माझ्याकडे दिला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर जास्तीत जास्त २०००. आमच्या शाळेचा आकडा त्याच्याही वर होता. मी पत्र लिहायला बसले, माननीय सरपंच, विषय अमुक, आणि पहिल्यांदा कळलं की पुस्तकातल्या पत्रात आपण फक्त साचा भरतो, इथं प्रत्येक वाक्य कोणीतरी खोडून काढू शकतं. "मिलिग्रॅम" लिहिलं तर ग्रामसभेत कोणाला काय कळणार? मग मी लिहिलं की दोन हजार मिलिग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम, एक लेकरू शाळेत दिवसभरात एक लिटर पाणी प्यायलं तर दोन ग्रॅमपेक्षा जास्त क्षार त्याच्या पोटात जातात. राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं ग्रामसभेचं वाक्य तेव्हा कामी आलं, मतदार यादीतल्या कोणालाही तिथं बोलता येतं. मी तेव्हा अठराची नव्हते म्हणून १५ ऑगस्टच्या सभेत काकूनं वाचलं, तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही. शाळेला आता वानाच्या पाण्याची वेगळी टाकी आहे.

आणि आता तो विषय जो मार्कशीटमध्ये बाजूला पडला होता.

मिठाचा सत्याग्रह सगळ्यांनाच माहीत असतो. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला समुद्रकिनारी मीठ उचललं. इंग्रजांनी मिठावर कर लावला होता अन् स्वतःचं मीठ स्वतः बनवणं गुन्हा होता. हे शिकताना मागून एका मुलानं विचारलं, सर, आपल्याकडे तर समुद्रच नाही, मग इथल्या लोकांनी काय केलं? सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, आपल्याकडे समुद्र नव्हता पण खारं पाणी होतं. अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा. तिथल्या खाऱ्या विहिरींचं पाणी काढून, आटवून, लोकांनी मीठ तयार केलं अन् कायदा मोडला, त्याच १९३० साली.

दहीहांडा आमच्यापासून लांब नाही, कितीतरी वेळा त्या बाजूनं गेलोय. वर्गात एकदम शांत झालं होतं. आमच्यासाठी खारं पाणी म्हणजे शिक्षा, नशीब, मुलीला या पट्ट्यात द्यायची की नाही याचा विचार, पाहुण्यांसमोर वाटणारी लाज. त्याच पाण्यानं कोणीतरी एवढ्या मोठ्या सरकारला सांगितलं होतं की तुमचा कायदा आम्ही मानत नाही. हे मला केमिस्ट्रीनं कधीच सांगितलं नसतं, भूगोलानंही नाही. केमिस्ट्री सांगते पाण्यात काय आहे, भूगोल सांगतो कुठून आलं, पण ते पाणी घेऊन माणसांनी काय केलं हे फक्त इतिहासाकडे आहे, अन् त्यानं मला जी ताठ मान दिली ती दुसऱ्या कोणत्याच विषयानं दिली नाही. मी हे पूर्ण जबाबदारीनं लिहितेय, केमिस्ट्रीवर इतकं प्रेम असून.

नंतर मी त्याचं गणित केलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, एक किलोसाठी तीसेक लिटर आटवलं की झालं. आमच्या बोअरसारखं पाणी असेल, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास, तर एक किलोला पाचशे लिटर! आणि त्यातलं सगळंच काही खायचं मीठ नसणार. दहीहांड्याच्या विहिरी आमच्यापेक्षा पुष्कळ खाऱ्या असल्या पाहिजेत, तरीही रहाटानं पाणी ओढायचं, कढईत ओतायचं, एप्रिलच्या उन्हात खाली जाळ लावून बसायचं, आणि शेवटी मूठभर पांढरी भुकटी, आणि ती हातात घेऊन अटक. दांडीपेक्षा ते काम सोपं नव्हतं एवढं मला आकड्यांवरून दिसतं.

आपल्याकडचे पंजाबराव देशमुख वेदवाङ्मयावर संशोधन करून, बॅरिस्टर होऊन परत आले, खेड्यातल्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं काढली, देशाचे कृषिमंत्री झाले, आज अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे. त्यांना कोणी विचारलं असेल का की तुम्ही नक्की आर्ट्सचे की ॲग्रीचे? आम्हाला मात्र पंधराव्या वर्षी विचारतात, अन् एकदा उत्तर दिलं की बाकीचे दरवाजे बंद. नीटच्या क्लासला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी दोन-दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सोडून एक ओळ वाचत नाहीत, त्यांना वेळच नाही, त्यांचा दोष नाही. पण उद्या त्यातली एखादी डॉक्टर होऊन आमच्या पट्ट्यात आली अन् तिच्यासमोर काका बसले, तर तिला हे पाणी कुठून येतं ते कोण सांगणार?

आता नवीन शैक्षणिक धोरणात बी.एस्सी.वाल्यांनाही दुसऱ्या शाखेतला एखादा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतो. बहुतेकांनी जो सोपा जाईल, ज्यात मार्क पडतील तो घेतला. मी इतिहास घेतलाय. प्रोजेक्टसाठी दहीहांडा लिहून दिलं, मॅडम म्हणाल्या दस्तऐवज बघावे लागतील, जुने गॅझेटियर, त्या वेळची वर्तमानपत्रं, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, आणि ऐकीव गोष्ट अन् पुरावा यात फरक करावा लागेल. हे बायोलॉजीच्या मॅडम पण म्हणायच्या, वेगळ्या शब्दांत.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे. शाळेतल्या सरांना फोन केला होता, ते येतो म्हणालेत. काकू पण येणार आहे, तिची तपासणीची पेटी घेऊन. त्या विहिरी नेमक्या कोणत्या हे आधी गावात विचारावं लागेल, सापडली अन् पाणी असलं तर टीडीएस मोजायचा, हार्डनेस मोजायचा, आणि एक लिटर बाटलीत भरून आणायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये ते आटवायची परवानगी मागितलीय.